आवाज नसलेला नाश्ता

अनसूया राऊतांच्या घरात धाकटी सून म्हणून वसईजवळच्या होळी गावात आली, तेव्हा तिच्या दोन गोष्टींची बरीच चेष्टा झाली. एक म्हणजे ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायची. माहेर चांदीपचं, भातशेतीतलं. तिकडे सगळेच तसं म्हणतात. आणि दुसरी, ती कुठल्याही वस्तूचा पिच्छा सोडायची नाही. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी वाळक्या पानांत गुंडाळून टोपल्या भरल्या, की ती नवऱ्याला विचारायची, “हे जातं कुठं?”

“मुंबईला,” जगन्नाथ म्हणायचा.

“मुंबईत कुठं?”

“ग्रँट रोडला. शेठच्या दुकानात.”

“आनि तिथून?”

या ‘आनि तिथून’ला घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं. सासरे हरिभाऊ तर या प्रश्नावर हसायचे. माल दुकानात गेला म्हणजे गेला. ढग पलीकडे गेला की तो कुणाच्या शेतावर पडला हे कुणी विचारतं का?

अनसूयेला मात्र ते विचारावंसं वाटे. चांदीपला तिच्या बापाचा तांदूळ कोण खातं हे तिला ठाऊक असायचं. आपण खातो, सुतार खातो, उरलेला बाजारात जातो, आणि बाजारात घेणाऱ्याचं तोंड दिसतं. इथे मात्र रोज एवढं रांधायचं, वाळवायचं, बांधायचं आणि एका काळोख्या भोकात टाकून द्यायचं. भोकाच्या पलीकडे कुणीतरी तोंड उघडून बसलेलं असणार. बाईचं की पुरुषाचं? दात असलेलं की बोळकं? त्याला आवडतं का? रागावून खातं, की वाट बघत खातं? रात्री डोळे मिटले की तिला कधी कधी नुसती तोंडंच दिसत. चेहरे नसलेली.

राऊतांची वाडी समुद्राच्या बाजूला होती. नारळ, केळी, कडेनं पानवेल. वाडीच्या मागच्या अंगाला, विहिरीला लागून, कौलारू छपराखाली पोह्यांची भट्टी. हरिभाऊंच्या वडिलांनी ती घातली आणि हरिभाऊंनी तिच्यावर पाटी लावली: ‘हरिभाऊ राऊत आणि मंडळी’. मंडळी म्हणजे थोरला रामचंद्र, धाकटा जगन्नाथ, आणि पाटीवर नाव न येणाऱ्या बायका. माल तीन प्रकारचा: सुकेळी, पोहे, आणि कच्च्या केळ्यांचं पीठ. ते पीठ बाळंतिणी आणि तान्ह्या पोरांसाठी जायचं.

घरात स्वयंपाकघर थोरल्या सावित्रीचं होतं. तिथे अनसूयेनं भाजीत मीठ किती घालायचं हेही विचारून घालायचं. पण भट्टीची धग सावित्रीला सोसत नसे, डोळ्यांना पाणी येई. म्हणून भट्टी आपसूक अनसूयेकडे आली. भिजवलेलं भात निथळून कढईतल्या तापल्या वाळूत पडायचं, फुटायला लागायचं, आणि गरम आहे तोवर उखळात जाऊन मुसळाखाली चपटं व्हायचं. हे सगळं होताना कांडपाच्या बाया ओरडून तिला विचारत, “वहिनी, काढू का? वहिनी, वाळू बदलू का?” दिवसभरात अनसूयेला कुणी काही विचारलं तर ते इथेच. विहिरीपासून छपरापर्यंतच्या त्या काळवंडलेल्या तुकड्यावर ती मोठी माणूस होती. तिथून बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा धाकटी.

युद्धाच्या दिवसांत, त्रेचाळीसच्या सुमारास, जगन्नाथ ग्रँट रोडहून एक नवीन गोष्ट घेऊन आला. परदेशी नाश्त्याचे खोके यायचे बंद झाले होते. शेठकडची जुनी गिऱ्हाइकं, साहेब लोक, पारशी, बडे डॉक्टर, रोज नोकर पाठवून विचारत होती. शेठ म्हणाला होता, तुम्ही पोहे करता, हे जमेल का बघा. मक्याचे चपटे तुकडे असतात, थंड दुधात घालून सकाळी खातात. नमुना म्हणून त्यानं शेवटच्या खोक्यातले मूठभर काढून दिले होते.

जगन्नाथनं पंच्याची गाठ सोडली. आत केळीच्या ओल्या पानाची पुडी होती, वर ओलं फडकं. वसईत कुठलीही मोलाची वस्तू अशीच नेतात. विड्याची पानं, सोनचाफा, जास्वंदीच्या कळ्या, पाहुण्यांकडे पाठवायचं नारळाचं खोबरं. ओल्या पानात बांधलं की सकाळचं संध्याकाळी तसंच्या तसं मिळतं. पुडी चौघांमध्ये उघडली गेली. आत तांबूस रंगाचे, सुरकुतलेले, कडा वळलेले काही तुकडे होते. रामचंद्रनं एक उचलला तर तो बोटाला लोंबला.

हरिभाऊंनी तो तोंडात टाकून बराच वेळ चघळला. “चिवट आहे,” ते म्हणाले. “पण असेल. परदेशी आहे.”

“हे साहेब लोक खातात?” रामचंद्र म्हणाला. “यांच्यावर राज्य करायला मग आपल्याला काय अडचण होती?”

अनसूयेनंही एक घेतला. तो टाळूला चिकटला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. खाणारा वेगळा, त्याची आवडही वेगळी. उलट तिला पहिल्यांदाच असं वाटलं, की त्या काळोख्या भोकातून कुणीतरी आपल्याकडे काहीतरी पाठवलं आहे.

मग तो तुकडा साधण्याचा उद्योग सुरू झाला. मक्याचं नाव नको, भात घरचं आहे, असं हरिभाऊंनी ठरवलं. पोहे नमुन्यापेक्षा फार कडक व्हायचे. भाजणं कमी केलं तर कच्चे लागायचे. अनसूयेनं किती परीनं करून पाहिलं! शेवटी तिला युक्ती सुचली. भाजलेले जाड पोहे गरम असतानाच ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सकाळी ते बाहेर निघाले तेव्हा तांबूस होते, सुरकुतलेले होते, आणि बोटाला लोंबत होते. हरिभाऊंनी एका हातात शेठचा, ओल्या पानात जपून ठेवलेला शेवटचा तुकडा धरला, दुसऱ्या हातात घरचा, आणि उन्हात नेऊन पाहिले. ‘एका आईची पोरं,’ ते म्हणाले. सासऱ्यांनी सुनेचं कौतुक केलं असं फार वेळा झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

‘राऊतांचा दुधातला नाश्ता’ पुठ्ठ्याच्या खोक्यांतून मुंबईला जाऊ लागला. आणि खपला. बाजारात दुसरं काही नसलं की माणूस आहे ते घेतो आणि त्यालाच चव म्हणतो. एकदा शेठनं निरोप पाठवला की एका इस्पितळानं दोन पेट्या नेल्या. अनसूया कितीतरी दिवस त्या इस्पितळाचा विचार करत होती. लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, आणि ओळीनं हलणारी तोंडं.

युद्ध संपलं. पुढे देशाचे दोन झाले. कराचीला जाणारी पानं आणि सुकेळी थांबली. ज्या व्यापाऱ्यांची नावं हरिभाऊ घरच्या माणसांसारखी घेत, ते कुठे गेले कळलं नाही. आणि त्याच सुमाराला ग्रँट रोडच्या दुकानात परदेशी खोके पुन्हा आले. राऊतांचे खोके परत यायला लागले. आधी थोडे, मग सगळेच.

एका दुपारी जगन्नाथ परत आलेल्या मालाची गाडी घेऊन अंगणात उभा राहिला. हरिभाऊ ओटीवर होते.

“आता काय म्हणतो शेठ?” त्यांनी विचारलं. “रंग वाईट? वास?”

“नाही बाबा. रंग बरा आहे म्हणाला.” जगन्नाथ जरा घुटमळला. “म्हणतो, आवाज नाही.”

“काय नाही?”

“आवाज. गिऱ्हाइकं म्हणतात, खाताना आवाज येत नाही.”

राऊतांच्या घरात जेवताना मचमच केली तर हरिभाऊ पाटावर उलटी मूठ आपटत. त्यांच्या पोरांनी पापडसुद्धा ओला करून खाल्ला होता.

“चिवड्यासारखा का?” रामचंद्रनं विचारलं.

“चिवडा कोरडा असतो. हे दुधात घातल्यावर म्हणतात.”

“दुधात घातल्यावर आवाज? दूध म्हणजे काय फोडणीचं तेल आहे, तडतडायला?” रामचंद्र हसत सुटला. मग एकदम हसायचा थांबला आणि वडिलांकडे वळला. “बाबा, मी मागेच म्हटलं होतं. पोहे आता गोखिवऱ्याच्या बाजूला गिरणीवर स्वस्त होतात. कराची गेली. हे असं आवाजाचं खूळ. पावसाआधी भट्टी पाडू, तिथे केळी लावू. विहीर जवळ आहे. विटा गोठ्याला होतील.”

हरिभाऊंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी जगन्नाथला विचारलं, “शेठ पुढचा माल कधी मागतोय?”

“मागत नाहीये,” जगन्नाथ म्हणाला. “एक शेवटची पेटी घेऊन या म्हणाला, बघतो. नाही जमलं तर सुकेळीसुद्धा दुसऱ्याकडून घेईन म्हणतो. एका ठिकाणाहून सगळं घ्यायचं असतं त्याला.”

“मग ती पेटी जाऊ दे. परत आली, तर रामचंद्र म्हणतो तसं.”

अनसूया दाराआड उभी होती. भट्टीजवळची ती काळवंडलेली जमीन कुणीतरी आपल्या पायाखालून चटईसारखी गुंडाळत आहे असं तिला वाटलं. भट्टी गेली की उरलं काय? सावित्रीच्या स्वयंपाकघरात, मीठ किती घालू विचारत, म्हातारं व्हायचं. पण गंमत अशी, की त्या भीतीच्या पोटातच तिला दुसरं काहीतरी टोचत होतं आणि ते जास्त टोचत होतं. दुधातला आवाज. कसा असेल तो?

तिनं कढईत करून पाहिलं, वाटीत करून पाहिलं. वाटीला कान लावला. दुधात पोहे बुडाले, फुगले आणि गप्प बसले. सावित्रीनं ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत घरभर झालं, की धाकटी आता दुधाशी बोलते.

शेजारच्या आळीतली लूर्डस सुकेळी बांधायच्या हंगामात भट्टीवर यायची. बांधता बांधता अनसूयेनं तिला सगळं सांगितलं.

“तेवढंच ना?” लूर्डस म्हणाली. “माझा भाऊ वॉल्टर वांद्र्याला कुक आहे. त्याचा म्हातारा साहेब रोज सकाळी तेच खातो. वॉल्टर नक्कल करून दाखवतो ना सणाला. चल माझ्याबरोबर. मी तशी नाताळापासून गेलेली नाही.”

“घरात काय सांगू?”

“सांग, लूर्डसच्या भावाला बघायला जाते. आजारी आहे.”

“आजारी आहे?”

“लग्न करत नाही एवढं वय झालं तरी. आजारच तो.”

अनसूयेनं खोटं सांगितलं नाही. तिनं जगन्नाथला सरळ सांगितलं की मी आवाज ऐकायला जाते. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “एकटी नाही ना?” जगन्नाथची हीच तऱ्हा होती. तो बायकोच्या वाटेत कधी उभा राहिला नाही. पण स्वतःहून पुढेही कधी झाला नाही.

वांद्र्याचा बंगला टेकडीवर होता. स्वयंपाकघराला वरखाली उघडी असलेली झुलती दारं होती आणि त्यापलीकडे जेवणाची खोली. दारांच्या खालून अनसूयेला टेबलाचे पाय दिसत होते आणि त्यांच्यामध्ये सपातांमधले दोन म्हातारे पाय. वर काही दिसत नव्हतं.

वॉल्टर चांगला गोल माणूस होता. “राऊतांच्या तुम्ही? ते मऊ वालं?” तो म्हणाला. “युद्धात आणलं होतं मी. साहेबांनी चमच्यानं उचललं, ते चमच्यालाच धरून बसलं. साहेबांनी चमचा उलटा केला तरी पडेना. मग मी ते मांजरीला द्यायचो. मांजर काय गुबगुबीत झाली होती, देवाशप्पथ!”

“वॉल्टर!” लूर्डस ओरडली.

“अगं, वाईट कुठं म्हणतोय मी? मांजर खूश होती.”

अनसूयेला राग यायला हवा होता. पण तिला वाटलं, निदान एक तोंड तरी सापडलं. भले मांजरीचं.

वॉल्टरनं फडताळातून परदेशी खोका काढला. खोक्याच्या आत मेणकागदाची पिशवी होती, तोंड घट्ट दुमडलेलं. त्यानं ती उलगडली, बशीत तुकडे ओतले, आणि ओततानाच अनसूया दचकली. टिनाच्या पत्र्यावर बोरं पडावीत तसं काहीतरी झालं. बशी आणि दुधाचा चंबू घेऊन तो दारांतून आत गेला. दारं झुलली, झुलली आणि थांबली.

क्षणभर काही नाही. खुर्ची कुरकुरली. वर्तमानपत्र उलटलं. मग तो आवाज आला.

वाडीत सुक्या पाचोळ्यावरून कोंबडी चालत जाते ना, तसा. थांबून थांबून, आपल्याच नादात. दोन पावलं, मग काही शोधल्यासारखं, मग पुन्हा दोन पावलं. एक म्हातारा माणूस भिंतीपलीकडे बसून एकटाच काहीतरी मोडत होता आणि त्याला ते बरं वाटत होतं, हे त्या आवाजातून नुसतं ऐकून कळत होतं. हळूहळू कोंबडी दूर गेली. पाचोळा ओला झाला. शेवटी फक्त चमचा बशीला लागल्याचं ऐकू आलं.

“बस. एवढंच,” वॉल्टर बाहेर येत म्हणाला. “आवाज आहे तोवर खातात. मग बशी सरकवून देतात. चव काय त्याला, पुठ्ठ्याची.” आणि त्यानं पिशवीतले थोडे तुकडे तिच्या तळहातावर ठेवले.

अनसूयेनं तोंडात टाकले आणि चावले. तिच्या डोक्यात कुणीतरी काटक्या मोडल्या. एवढ्या मोठ्यानं, की लूर्डस काय म्हणाली ते तिला ऐकूच आलं नाही. तेव्हा तिला कळलं, की हा आवाज दुसऱ्यासाठी नसतो. खाणाऱ्याच्या कवटीच्या आत असतो. म्हातारा तिथे एकटा बसलेला नव्हता. आवाज त्याच्या सोबतीला होता.

तळहातावर एक तुकडा उरला होता. कोरडा ठणठणीत, कडा वळलेला. तिनं तो बोटांत धरला. तो लोंबला नाही. तिनं मेणकागदाच्या पिशवीकडे पाहिलं, मग त्या तुकड्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे. तिला जगन्नाथची ती ओल्या पानातली पुडी आठवली.

घरी पोचली तेव्हा जगन्नाथ वाडीत पाणी सोडत होता. ती थेट बांधावर गेली.

“अहो, तो नमुना शेठनं कशात दिला होता?”

“कुठला नमुना?”

“युद्धातला. पहिला.”

“कागदात. चांगला चुरचुरीत कागद होता, मेणाचा की कसला.” त्यानं फावडं रोवलं. “मला वाटलं कागदात खराब होईल. म्हणून तिथेच फूलबाजारात पान घेतलं, ओलं फडकं घेतलं. नीट बांधलं. अगदी जपून आणलं हो, वाटेत मांडीवर घेऊन बसलो होतो.”

अनसूया त्याच्याकडे बघत राहिली. तिचं तोंड हसावं की काय करावं अशा बेतात अडकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर अजून अभिमान होता. मग तिनं वांद्र्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो दाबला. तुकडा टचकन मोडला.

जगन्नाथ हळूहळू बांधावरच बसला. “म्हणजे,” तो म्हणाला, “मी ते मारून आणलं.”

“सादळवून,” ती म्हणाली. “आनि आपन सगळ्यांनी मिळून ते सादळलेलंच शिकलो. गोनपाटात घालून घालून.”

संध्याकाळी तिनंच हरिभाऊंना सांगितलं. रामचंद्रसमोर सांगितलं. कारण आज ना उद्या कळलंच असतं, आणि नंतर कळलं असतं तर जगन्नाथचं तोंड कायमचं खाली गेलं असतं. हरिभाऊ ऐकत होते. त्यांनी तुकड्याचा उरलेला अर्धा भाग हातात घेऊन पाहिला.

“म्हणजे इतकी वर्षं आपण मेलेल्या माणसाचा चेहरा बघून मूर्ती घडवली,” ते म्हणाले.

“आणि पूजा केली,” रामचंद्र म्हणाला. “जगन्या, पुढच्या वेळी मासा आणलास तर चाफ्यात बांधून आण.”

“पुढची पेटी जायची आहे ना अजून?” अनसूयेनं विचारलं. सासऱ्यांना तिनं असं थेट कधी विचारलं नव्हतं. “मामंजी, ती मला करू द्या. ह्या वेळी जिवंत तुकडा बघून.”

“कर,” हरिभाऊ म्हणाले. “पण परत आली, तर पहार रामचंद्रच्या हातात देईन.”

कुरकुरीत पोहे करणं सोपं होतं. कठीण होतं ते दूध. सुके पोहे पुन्हा भाजले की चिवड्यासारखे वाजत. दुधात पडले की दोन घासांत माना टाकत. जाड कांडले तर दातांना लागत. पातळ कांडले तर विरघळत. अनसूया वाटी घेऊन बसायची, चावायची, ऐकायची. कांडपाच्या बायाही आता ऐकायला शिकल्या. “वहिनी, मेला,” असं कुणीतरी म्हणायचं, आणि सगळ्या पुन्हा कामाला लागायच्या.

हरिभाऊ अधूनमधून छपराशी येऊन उभे राहत आणि निघून जात. रामचंद्रनं विहिरीजवळ केळीचे मुनवे, लावायचे कोंब, आणून ओळीनं ठेवले होते. ते रोज दिसत.

उपाय तिला सुकेळीच्या मांडवावर सापडला. सापडला म्हणजे तिच्या पायाला चिकटला. राजेळी उन्हात सुकताना तिच्यातून मधासारखा पाक पाझरतो. तो खालच्या फळीवर साठतो, उन्हानं काचेसारखा होतो. मुंग्यांशिवाय त्याला कुणी विचारत नाही. काल पाऊस शिंतडला होता. सगळीकडे ओल होती, आणि फळीवरच्या त्या काचेवर पाण्याचे थेंब नुसते बसले होते. आत शिरले नव्हते.

तिनं तो पाक खरवडला, कोमट पाण्यात पातळ केला, भाजलेल्या पोह्यांना चोळला आणि पोहे पुन्हा कढईत टाकले. पहिला घाणा जळून काळा कोळसा झाला आणि आळीत वास पसरला. दुसरा एकमेकांना चिकटून लाडू झाला. लूर्डसनं तो आवडीनं खाल्ला. मग आच कमी झाली, पाक आणखी पातळ झाला, आणि एका दुपारी कढईतून चकचकीत, तांबूस, सुटे तुकडे निघाले. वाटीत घातले. वर दूध. अनसूयेनं चावलं. मग लूर्डसनं. मग बायांनी. सगळ्या एकमेकींकडे बघत चावत होत्या आणि कुणी बोलत नव्हतं, कारण बोललं तर ऐकू आलं नसतं.

मेणकागद मिळेना, तेव्हा लूर्डसनं बाजारातून मेणबत्त्या आणल्या. त्या वितळवून साध्या कागदाला मेण चोळलं. पेटी बांधताना जगन्नाथनं सवयीनं गाठीवर ओलं फडकं ठेवलं. अनसूयेनं ते उचलून दोरीवर वाळत घातलं.

पेटी घेऊन या वेळी दोघंही गेली. हरिभाऊच म्हणाले, “हिला ने. काही विचारलं तर तुला सांगता येणार नाही.”

ग्रँट रोडचं दुकान अनसूयेच्या कल्पनेपेक्षा लहान निघालं. जिथे इतकी वर्षं सगळं अदृश्य होत होतं, ती जागा म्हणजे एक लाकडी फळी होती आणि फळीमागे गलेलठ्ठ, झोपाळू शेठ.

“आले का राऊत, मऊ नाश्ता घेऊन?” तो म्हणाला.

“बशी आहे का शेठ?” अनसूयेनं विचारलं. “आनि दूध.”

शेठनं डोळे उघडले. शेजारच्या चहावाल्याकडून दूध आलं, बशी आली. अनसूयेनं खोका फोडला, ओतलं, वर दूध घातलं आणि बशी त्याच्यासमोर सरकवली. शेठनं एक चमचा तोंडात घातला आणि चावायचा थांबला. मग पुन्हा चावला. फळीशी डाळ घ्यायला उभ्या असलेल्या दोन बायका त्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

“आवाज आहे,” शेठ म्हणाला. त्यानं मुद्दाम बशी बाजूला ठेवली, एका गिऱ्हाइकाची साखर बांधली, दुसऱ्याला सुट्टे दिले. अनसूया बशीवरची नजर काढेना. शेठ परत आला, आणखी एक चमचा घेतला. चावला. डोकं एका बाजूला कललं, कानात पाणी गेल्यासारखं.

“थोडा कमी झाला. पण आहे.” त्यानं बशी संपवली. “त्यांच्यासारखा नाही हा. त्यांचा मोठा आहे. हा...” त्याला शब्द सापडेना. “हा लहान आहे. आणि गोड आहे.”

“चालेल?” जगन्नाथनं विचारलं.

“मला काय माहीत? मला चालून काय उपयोग? गिऱ्हाइकाला चाललं पाहिजे.” त्यानं पेटी आत ओढली. “ठेवा. सुकेळी नेहमीसारखी पाठवा. आणि हे पुढच्या महिन्यात आणखी आणा. परदेशी माल पुन्हा अडकतोय बंदरात, ऐकतो.”

जगन्नाथनं फळीला धरून मोठा श्वास सोडला. त्याला लगेच निघायचं होतं, वडिलांना सांगायचं होतं. पण अनसूया म्हणाली, “थांबू या जरा,” आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली.

बरीच माणसं आली, गेली. साबण घेतला, चहा घेतला. मग खाकी चड्डीतला एक म्हातारा नोकर आला, शेठशी काहीतरी बोलला, आणि शेठनं पेटीतला वरचा खोका काढून त्याच्या पिशवीत टाकला. अनसूया त्याच्यामागे चालू लागली. जगन्नाथ काही बोलायच्या आत ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. नोकर डावीकडे वळला, ती वळली. तो एका गल्लीत शिरला, तीही शिरली. लाकडी जिन्याची एक चाळवजा इमारत होती. तो जिना चढला. ती पहिल्या वळणापर्यंत गेली. वर एक दार उघडलं, आतून कुणाचा तरी खोकला ऐकू आला, बाईचा की पुरुषाचा कळलं नाही. पिशवी आत गेली. दार लागलं.

ती तिथे जिन्यावर थोडा वेळ उभी राहिली. मग खाली आली. गल्लीच्या तोंडाशी जगन्नाथ धापा टाकत उभा होता.

“काय बघितलंस?”

“दार.”

“मग?”

“मग काय,” अनसूया म्हणाली, “चला लवकर. भात आजच भिजत घातलं पायजे, तर उद्या भट्टी पेटंल.”